आक्काला दिलेला कच्चा रस

लोक मला विचारतात, "मॅडम, बाटलीतला रस चांगला की ताजा?" लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं ठेवून विचारलं होतं. पूर्वी कुणी नुसता विषय काढायचा अवकाश, मी अर्धा तास बोलत सुटायचे. आता म्हणते, "मला नाही माहीत." लोकांना वाटतं बाई शिष्ट आहे. वाटेना का.

सोलापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत, डाळिंबाचा रस बाटल्यांत भरणारं एक लहानसं युनिट आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं काम करतेय. प्रयोगशाळा म्हणजे काय, एक ओटा, दोन काचेच्या नळ्या, एक जुना फ्रिज आणि खिडकीला भरतकामाचा पडदा, तोही मीच घरून आणलेला. रसात काय उरलंय ते मोजायचं, एवढंच माझं काम. दाणे यंत्रात दाबून रस निघतो तेव्हा तो असा काही लाल असतो की बघत राहावं. मग तो गाळतात, उकळीच्या जरा अलीकडं नेतात, गरम असतानाच बाटलीत भरतात, झाकण लावून बाटली जरा वेळ आडवी करतात, म्हणजे झाकणाची आतली बाजूसुद्धा तापते. त्यात चिमूटभर बेंझोएट, म्हणजे रस टिकवायची पावडर. एवढं केलं की बाटली कित्येक महिने टिकते.

टिकते म्हणजे नासत नाही, बरं का. आत काय टिकतं ते मला विचारा. क जीवनसत्त्व डाळिंबात आधीच बेताचं, त्यातलं काही तापवतानाच जातं. उरलेलं बाटलीच्या मानेत अडकलेली हवा हळूहळू खाते. रंगाचंही तेच. उजेडात ठेवलेली बाटली लवकर विटकरी पडते, फ्रिजमधली उशिरा. गोठवला तर रस सगळ्यात चांगला राहतो, पण गोठवायला वीज लागते आणि विजेचं नाव काढलं की आमच्या मालकांच्या पोटात गोळा येतो. त्यामुळं बाटल्या राहतात पत्र्याच्या गोदामात, सोलापूरच्या उन्हाळ्यात. मेअखेरीला त्यातली एखादी उघडली की मला रडू यायचं. खरंच सांगते, हसू नका.

एकवीस वर्षं रोज काय काय गेलं तेवढंच वहीत लिहीत बसलं की माणसाचा तसा स्वभाव होतो. मला आगीचाच राग यायला लागला होता. शेजारणीनं पालेभाजी जास्त शिजवली तरी मी तिला सुनावायचे. आणि जंतूंची तपासणी आमच्याकडं नव्हती. त्यासाठी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचे, आठवड्यानं कागद यायचा, 'जंतू आढळले नाहीत'. मी तो फाइलला लावायचे. वाचायचा कशाला, दर वेळी तेच असायचं. जंतू का आढळले नाहीत, तर आम्ही रस तापवला होता म्हणून. एवढी साधी गोष्ट मला पाठ होती, पण ती कधी मनाला शिवली नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी पाच वर्षांची असताना आई गेली, तेव्हा आक्का सोळाची होती. आमचं घर मेंढरांचं, सांगोल्याकडच्या कोरड्या रानातलं. वडील मेंढरांमागं महिनामहिना बाहेर. आक्कानंच मला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, मारलं, जेवू घातलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं दाजींना सांगितलं, ही माझ्यासंगं येणार. दाजींनी मान डोलावली. ते तेव्हाही कमीच बोलायचे. त्या घरात राहून मी शाळा शिकले आणि तिथूनच सोलापूरला कॉलेजात गेले. गावातली माणसं म्हणायची, मेव्हणीला शिकवून काय पदरात पडणार? आक्का म्हणायची, "पदर माजा हाय, तुमच्या पोटात का दुखतंय?"

ही आक्का सगळं उकळायची. पाणी उकळायची, दूध तीनतीनदा उकळायची, पाहुण्यांच्या तांब्यातलं पाणीसुद्धा उकळून गार केलेलं. त्याला कारण होतं. तिचं पहिलं मूल नऊ महिन्यांचं असताना हगवणीनं गेलं. दवाखान्यातल्या नर्सनं तिला सांगितलं, पाणी उकळून द्यायला हवं होतं. एवढंच वाक्य. आक्कानं ते जन्मभर सोडलं नाही. पुढं दोन मुलगे झाले, धडधाकट वाढले, आता दोघंही पुण्याकडं नोकरीला आहेत. तरी तिच्या चुलीवर एक पातेलं कायम रटरटत असायचं.

दाजींनी मेंढरांच्या जोडीला दोन एकर डाळिंब लावलं होतं. तडकलेलं फळ व्यापारी घेत नाही, ते घरात राहतं. आक्का अशा फळांचा रस काढून त्यात साखर घालायची आणि घरभर वास सुटेपर्यंत उकळायची. मग काचेच्या बाटल्यांत भरून फडताळात ठेवायची, वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. रंग काकवीसारखा, चवही जवळपास तशीच. मी सुट्टीला गेले की ती कौतुकानं पेला पुढं करायची आणि मी नाक मुरडायचे.

एका दिवाळीला मी प्रयोगशाळेतून निळ्या औषधाची छोटी बाटली घेऊन गेले. हे औषध थेंबाथेंबानं रसात टाकायचं. रसात क जीवनसत्त्व असेल तोवर निळा रंग नाहीसा होत राहतो, संपलं की रस गुलाबी पडतो. डाळिंबाच्या लालीत ते धड दिसत नाही, म्हणून मी मोसंबी घेतली. एका वाटीत ताजा रस, दुसऱ्या वाटीत आक्काच्या पद्धतीनं रटारटा उकळून गार केलेला. ताज्यात थेंबामागून थेंब जिरत गेले. उकळलेला लवकरच गुलाबी पडला.

"आगं बया, जादूगारीण झालीस की!" आक्का म्हणाली.

"जादू नाही गं. सत्त्व मेलं यातलं, बघ."

"आन् जंतू?"

"तेही मेले."

"मग झालं की! सत्त्व काय, भाकरीत हाय, भाजीत हाय, शेंगदाण्यात हाय. आज न्हाय मिळालं तर उद्या खाता येतंय. जंतू एकदा पोटात गेला की लेकरू माघारी येत न्हाय."

दाजी उंबऱ्यात बसून बिडी ओढत होते, ते खुदकन हसले. मी चिडले. मी आक्काला म्हणाले, "तू अडाणीच राहणार." लाडानं म्हणाले होते. पण म्हणाले होते.

आक्काला बरं नसल्याचं कळलं ते पुढच्या एका दिवाळीनंतर. थकवा, अंगावर निळे डाग, दात घासताना रक्त. सोलापुरात तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. दवाखाना माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर, त्यामुळं ती माझ्याकडंच राहायला आली. मी लग्न केलेलं नाही, घरात मी एकटीच. मुलगे आळीपाळीनं सुट्टी काढून येऊन जायचे. दाजींना मेंढरं आणि बाग सोडून राहता येईना. ते दर रविवारी पहिल्या एसटीनं यायचे, तिच्या उशाशी दिवसभर गप्प बसायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे.

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि रक्ताचा आजार म्हटला की हातात डाळिंबच. आठ दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. "रस द्या बरं का, रक्त वाढतंय." जो तो जाताना हेच सांगायचा. मला ठाऊक होतं की डाळिंबात लोह फारसं नसतं आणि रस लाल आहे म्हणून त्याचं रक्त होत नाही. शिकलेली बाई आहे मी. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, त्यातली गत. मी नवी पेठेत जाऊन रस काढायचं चांगलं जाडजूड स्टीलचं हातयंत्र घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, धंदा टाकताय का? मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याचा काय दोष.

औषधांची पहिली फेरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. तरुण पोरगी, पण बोलणं स्वच्छ. "यांच्या पांढऱ्या पेशी आता खूप खाली जाणार. आपल्याला काहीही न करणारा साधा जंतू यांना झेपणार नाही. कच्चं काही द्यायचं नाही. कोशिंबीर नाही, कापून ठेवलेलं फळ नाही. रस द्यायचा असेल तर उकळून, नाहीतर कंपनीचा सीलबंद." आणि हेच सगळं छापलेला एक इंग्रजी कागद दिला.

घरी आल्यावर मी तो आक्काला मराठीत वाचून दाखवला. तिचा चेहरा किती दिवसांनी फुलला. "ऐकलंस? डाक्टरीण बी माज्यासारकीच अडाणी हाय की!"

सुरुवातीला मी तसंच केलं. रस काढायचा, पातेल्यात उकळायचा, गार करून द्यायचा. गॅसपाशी उभी राहून मी तो रंग मरताना बघायचे. आक्का स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची, उकळी फुटली की मान डोलवायची. पुढं तिला खुर्चीतही बसवेना. तोंड आतून सोलवटलं होतं. भाकरी सोडाच, भाताची पेजसुद्धा झोंबायची. दिवसभरात पोटात जायचं ते एवढंच, अर्धा पेला रस. तोही दोन घोट घेऊन ती पेला बाजूला करायची. "कडसर लागतंय गं," म्हणायची.

आणि माझ्या डोक्यात तेच सुरू झालं. दिवसभरात एकच पेला पोटात जातो आणि त्यात काही उरलेलं नाही. तिला आता कुठली भाकरी आणि कुठली भाजी? इतरांचं ठीक आहे, त्यांना सत्त्व दुसरीकडून मिळतं. हिला या पेल्यातून नाही तर कुठून मिळणार? युनिटमधल्या सीलबंद बाटल्या मला हव्या तेवढ्या आणता आल्या असत्या. पण त्यात काय गेलेलं असतं ते मीच मोजलेलं होतं. ज्या बाटलीवर सही करून मी ती बाजारात पाठवत होते, ती मला माझ्या बहिणीला द्यायची नव्हती. यावर आज विचार केला की माझी मलाच लाज वाटते.

जानेवारीतला रविवार होता. दाजी पिशवीभर डाळिंबं घेऊन आले, बहुतेक तडकलेली. "तडकल्याली गोड असत्यात," म्हणाले, "तिला गोड लागतंय का बग." ते गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती फळं धुवायला घेतली. माती होती, ती चोळून काढली. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. तडकलेला भाग सुरीनं कापून टाकला, यंत्र उकळत्या पाण्यातून काढलं, हात साबणानं दोनदा धुतले. इतकं केल्यावर जंतू येणार कुठून? असं माझं शहाणपण. रस निघाला तो माणकासारखा. पातेलं गॅसवर ठेवलेलं होतं. मी गॅस पेटवलाच नाही.

पेला गरम पाण्यात धरून थोडा कोमट केला. थंड लागला असता तर तिला शंका आली असती. म्हणजे चुकून झालं, भोळेपणानं झालं, असं मला म्हणताच येणार नाही.

आक्कानं पेला हातात घेतला आणि विचारलं, "उकळलाय का गं?"

"व्हय," मी म्हणाले.

ती प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. अख्खा पेला संपवला. "आज लई गोड लागतंय," म्हणाली, "तुला आत्ता जमाया लागलंय बग." मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून रडले, आनंदानं. मला वाटलं, जिंकले.

मग मी तसंच देत राहिले. आठ दिवस. रोज ती विचारायची, रोज मी हो म्हणायचे. चौथ्या दिवसापासून तर ती दोनदा मागायला लागली. तिच्या गालावर रंग आलाय असं मला दिसायचं. शेजारणीलाही दिसला. पुढच्या रविवारी दाजी आले, तिला पेला संपवताना त्यांनी पाहिलं आणि माझ्याकडं बघून हात जोडले. मोठ्या मेव्हण्यानं लहान मेव्हणीला हात जोडायची आमच्यात रीत नाही. मी म्हणाले, "काय हे दाजी!" आणि आत निघून गेले. त्यांनी आणखी पिशवीभर फळं आणली होती.

नवव्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. मी तिच्यावर दोन चादरी टाकल्या, तरी दात वाजायचे थांबेनात. ताप बघता बघता चढला. रिक्षात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, अंगाची नुसती भट्टी. दवाखान्यात त्यांनी लगेच सलाईन लावलं, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई आल्या आणि पलंगापाशी उभ्या राहूनच विचारायला लागल्या. कुणी सर्दी-खोकल्याचं भेटायला आलं होतं का? बाहेरचं काही खाल्लं का? कच्चं काही पोटात गेलं का?

"नाही," मी म्हणाले.

आक्काचे डोळे मिटलेले होते. आम्हाला वाटलं ती ग्लानीत आहे. पण तिनं मान हलवली आणि म्हणाली, "न्हाय न्हाय. समदं उकळूनच देती माजी बाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तेव्हा बोलता आलं असतं. रस कच्चा होता, एवढे तीनच शब्द. काय केलं असतं त्यांनी? औषध तर त्यांनी तेच दिलं असतं, असं मी नंतर स्वतःला हजार वेळा सांगितलंय. पण तेव्हा मी ते ठरवलं नव्हतं. मी फक्त भ्याले होते. आक्कासमोर खोटी पडायला भ्याले.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी आक्का गेली.

रक्तात जंतू निघाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशी इतक्या खाली गेल्या की माणसाच्या स्वतःच्या आतड्यातले जंतूसुद्धा रक्तात उतरतात, त्यामुळं हे कुठून आलं ते सांगता येणार नाही. त्या वाक्याला मी घट्ट धरून बसले. अजूनही धरते. रात्रंदिवस मनात कोर्ट चालतं आणि दर वेळी मी तेच वाक्य पुढं करते.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आक्काला गावाकडं न्यायची तयारी चालू असताना मी कपडे घ्यायला घरी आले. फ्रिज उघडला तर त्यात आदल्या आठवड्यातला रस काचेच्या बाटलीत तसाच होता. थंडीत होता, झाकण घट्ट होतं. आमचे नमुने जायचे त्या प्रयोगशाळेत तो नेऊन दिला असता तर आठवड्यात कागद आला असता. आढळले, नाहीतर आढळले नाहीत. काहीतरी कळलं असतं. मी ती बाटली बेसिनमध्ये ओतली, पाणी सोडलं आणि बाटली घासून पालथी ठेवली. जन्मभर मोजमाप करणाऱ्या बाईनं तेवढं एक मोजू दिलं नाही.

महिनाभरानं कामावर गेले तेव्हा त्या कागदांची फाइल काढली आणि सगळे कागद पहिल्यापासून वाचले. दुपारची सुट्टी त्यात गेली. वीस वर्षांचे कागद, सगळ्यांवर तेच एक वाक्य. आमच्या त्या विटकरी, फिक्या, साखरेच्या बाटल्या. मी ज्यांना मेलेला रस म्हणायचे. त्या पिऊन कुणी दगावलं नव्हतं. किती जणांनी प्यायल्या असतील, तान्ह्या पोरांनी, बाळंतिणींनी, म्हाताऱ्यांनी. फाइल बंद केली आणि त्या दिवशी मी एकही मोजमाप केलं नाही.

वर्षश्राद्धाला गावी गेले. जेवणं झाली, मंडळी मांडवात पान लावत बसली होती. कुणीतरी आक्काच्या आजारपणाचं काढलं. आणि दाजी, जे चारचौघांत कधी तोंड उघडत नाहीत, ते बोलले. "हिनं केलं तसं पोटच्या लेकीनं केलं नसतं. शिकल्याली हाय म्हणून समदं नीट झालं. शेवटी शेवटी रस पीत व्हती, लई आवडीनं." सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक म्हातारी उठली आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला तिथं उभ्या उभ्या ओकारी आली. लोकांना वाटलं दुःखानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी बागेत गेले, त्यांच्यामागं मीही गेले. खताला म्हणून बागेत मेंढरं बसवली होती. आमच्याकडं ही पद्धतच आहे, फळं उतरली की कळप चार दिवस बागेत ठेवायचा, लेंड्या जमिनीत मुरतात. दाजी बांधावर बसले होते. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. गॅस पेटवला नाही इथपासून पेला कोमट केला इथपर्यंत, दवाखान्यात 'नाही' म्हणाले तेही, बाटली ओतली तेही. मी ऐकलं होतं की सांगितल्यानं मन हलकं होतं. खोटं कशाला बोलू, सांगता सांगता ते झालंही.

माझं झाल्यावर दाजी म्हणाले, "किती दिस दिलास?"

"आठ."

"ती इचारायची?"

"रोज."

एक कोकरू आईला सोडून भलतीकडं गेलं, त्याला त्यांनी नुसती हाळी दिली. मग म्हणाले, "ती फळं झाडावरची न्हवती."

मला कळलं नाही.

"तडकल्याली गोड असत्यात, तर झाडावरची तडकल्याली संपली व्हती. खाली पडल्याली येचली. दोन्ही टायमाला. तवा बी अशीच मेंढरं बसवल्याली व्हती त्या वळीत." त्यांनी हातानं झाडांची ओळ दाखवली. "मला वाटलं, उकळणारच हाय की. तिच्या घरात कच्चं कवा असतंय?"

मी घाईघाईनं बोलायला लागले. डॉक्टरीण म्हणाली होती, सांगता येत नाही दाजी, आतड्यातूनसुद्धा येतात, तुमचा काही संबंध नाही, दोष सगळा माझा. त्यांनी हात वर केला. ते रागावलेले दिसत नव्हते. रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. एकाच वर्षात माणूस दुसऱ्यांदा म्हातारा व्हावा तसे ते दिसत होते.

"वरीसभर मला एवढंच समादान व्हतं," ते म्हणाले, "की तिच्यासाटी आपुन समदं नीट केलं. तू सांगून मोकळी झालीस. आता मी ह्ये कुनाला सांगू?"